रविवारचे मिस्त्री

सोमवार ते शनिवार हे गृहस्थ बँकेत कर्जाच्या फायली तपासतात. रविवारी दुसरा चहा झाला की जुनी बर्म्युडा, भोकं पडलेला बनियन आणि कपाळावर चढवलेला चष्मा अशा अवतारात पार्किंगमध्ये उतरतात. त्यानंतर दुपारच्या जेवणापर्यंत त्यांना कोणी 'साहेब' म्हटलेलं खपत नाही.

गाडी १२ वर्षांची आहे. कंपनीनं ती पूर्ण करून विकली, हे मात्र त्यांना आजतागायत मान्य नाही. "कंपनी सांगाडा देते हो, बाकीचं आपण बघायचं." विशेष राग मूळच्या हॉर्नवर. "त्यानं म्हैस सोडा, म्हशीच्या पाठीवरचा बगळा उडत नाही!"

म्हणून पुण्याच्या नाना पेठेत जाऊन दोन डिस्क हॉर्न, रिले, फ्यूज आणि वायर आणली. रिलेच्या पिना ते अथर्वशीर्षासारख्या म्हणतात: ३० बॅटरीला, ८७ हॉर्नला, ८५ आणि ८६ कॉइलच्या. ऐकायला वॉचमन असतो. त्याला जायला जागा नसते. "बटणानं नुसता हुकूम सोडायचा. करंट बॅटरीतून सरळ हॉर्नला. नाहीतर एवढ्या बारीक वायरीतून दोन हॉर्नचा भार गेला की तापणारच." सी विंगमधल्या एका पोरानं ६०/५५ वॉटच्या जागी १००/९० चे बल्ब थेट बसवले आणि होल्डर वितळवून घेतला, तेव्हा यांना झालेलं दुःख बघण्यासारखं होतं. दिवसभर शीळ घालत होते.

स्वतः मात्र सोवळ्यातले. आधी १० नंबरच्या पान्यानं बॅटरीची निगेटिव्ह काढणार, लावताना ती सगळ्यात शेवटी. बॉडीच निगेटिव्ह असते. पॉझिटिव्ह सोडवताना पाना बॉडीला टेकला की ठिणगी. सायलेन्सरला हात लावणार नाहीत. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि त्यावरचा सुप्रीम कोर्टाचा जानेवारी २०१९ चा निकाल त्यांना तोंडपाठ आहे. फटफट आवाज करत कोणी गेलं की ते निकालाच्या तारखेसकट पुटपुटतात.

खरी परीक्षा प्लॅस्टिकच्या क्लिपांची. 'टक्' आवाज आला तर सुटली, 'टचकन्' आला तर तुटली. यांच्याकडे श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात सुट्या क्लिपांचा साठा आहे. घरात एक वेळ जिरं संपेल, क्लिपा संपायच्या नाहीत.

मदतनीस म्हणून वहिनींना खाली बोलावलं जातं. त्या गॅसवर कुकर ठेवून येतात आणि स्टिअरिंगमागे बसतात.

"दाब!"

"दाबलाय."

"अगं, हॉर्न! ब्रेक नव्हे!"

"मग हॉर्न म्हणावं माणसानं."

हॉर्न वाजतो. तळमजल्यावरच्या आजी खिडकी लावून घेतात. गृहस्थांच्या चेहऱ्यावर मात्र मुलगी पहिली आल्याचा आनंद!

बचतीचं विचारू नये. मजुरीचे ३०० रुपये वाचवायला ९०० रुपयांची क्रिंपिंगची पक्कड घेतली आहे, आणि कर्जदाराच्या ताळेबंदातला रुपयाही न सोडणाऱ्या या माणसानं ही नोंद कुठल्याही वहीत केलेली नाही. माझ्या मते त्यांचं सुख निराळंच आहे. ग्लोव्ह बॉक्स दोन्ही बाजूंनी दाबून बाहेर घेतला आणि मागचा केबिन फिल्टर ओढला, तेव्हा त्यात पिंपळाचं अख्खं वाळकं पान निघालं. मागच्या सर्व्हिसच्या बिलात हाच फिल्टर 'बदलला' होता. त्यांनी चिडायचं सोडून ते पान उन्हात धरून चांगलं न्याहाळलं. नवा फिल्टर हवेच्या बाणाची दिशा बघून बसवला. तेव्हापासून गॅरेजवाला "साहेब, काम मोठं निघालंय" म्हणाला की हे म्हणतात, "कुठे? दाखव बरं." आणि तिथेच उकिडवे बसतात. गॅरेजवाल्याचं मोठं काम तिथल्या तिथे लहान होतं.

गेल्या महिन्यात जावई नवी इलेक्ट्रिक गाडी घेऊन आले. बॉनेट उघडलं. प्लग नाही, ऑइल फिल्टर नाही, सायलेन्सर तर नाहीच. नारिंगी जाड केबल दिसताच यांनी हात मागे घेतला. ती हाय व्होल्टेजची, हे ठाऊक होतं. बराच वेळ वाकून बघत राहिले. जावई हळूच म्हणाले, "बाबा, यात काही करण्यासारखं नसतं."

"ही कोपऱ्यातली छोटी बॅटरी कितीची?"

"ती साधी, १२ व्होल्टची."

"हॉर्न हिच्यावरच ना?" सासरेबुवांनी चष्मा डोळ्यांवर ओढला. "अगं, माझा १० नंबरचा पाना आण बघू!"

जावयांनी गाडीची किल्ली खिशात घातली आणि वरून खिशाचं बटणही लावलं.