बिनखात्याचे पोस्टमास्तर

माथेरानात त्यांना सगळे पोस्टमास्तर म्हणतात. टपाल खात्यात ते एक दिवसही नव्हते. बाजारपेठेमागे त्यांचं चार खोल्यांचं लॉज आहे आणि माळ्यावर, माकडांच्या भीतीनं जाळीच्या फडताळात कोंडलेला, स्वतःचा मेल सर्व्हर. "आपली पत्रं दुसऱ्याच्या ओसरीवर का ठेवायची?" हा त्यांचा सवाल.

सवाल रास्त आहे. १९८२ साली ईमेलची रीत कागदावर आली, तेव्हा कुणीही आपलं पोस्ट उघडावं अशीच सोय होती. आता बडे सर्व्हर घरगुती जोडणीवरून आलेली डाक उंबऱ्यावरूनच परतवतात. शेजारच्या आयपी पत्त्यावरून कुणी स्पॅम सोडतो आणि काळ्या यादीत जाते अख्खी आळी. पोस्टमास्तरांच्या नशिबी रोज नकाराचा आकडा, ५५०. चारनं सुरू होणारा आकडा म्हणजे 'नंतर या'. पाचनं सुरू होणारा म्हणजे 'येऊच नका'.

दुसऱ्या कुणी वैतागून फुकटचं खातं उघडलं असतं. पोस्टमास्तरांनी एका रात्री आपल्या सर्व्हरवरच्या पोस्टफिक्स या डाक-प्रणालीच्या नियमांत त्या बड्यांची नावं घातली आणि प्रत्येकापुढे लिहिलं, रिजेक्ट.

"गाड्या दस्तुरीला अडवतोच ना आपण? तसंच हे!"

"अहो, दस्तुरीला अडवलेला माणूस पायी तरी वर येतो," वहिनी म्हणाल्या. बुकिंग त्या फोनवर घेतात, म्हणून लॉज चालतं. पुण्याच्या लेकीचं खातंही बड्यांकडेच निघालं. "नियम म्हणजे नियम. तिनं पत्र टाकावं, पोस्टानं," पोस्टमास्तर म्हणाले.

नुसतं नाकारून त्यांचं समाधान होईना. सोबत त्यांनी खुलासा जोडला, इंग्रजी अक्षरांत मराठी: 'आधी तुमच्या मालकांना दार उघडायला सांगा.' मालकांकडे तो वाचायला बसलंय कोण? तिथलं यंत्र तो जसाच्या तसा बिचाऱ्या पाठवणाऱ्याच्या हाती देतं.

मे महिन्यात डोंबिवलीच्या एक काकू तोच खुलासा छापून, कागद नाचवत घोड्यावरून उतरल्या. "दोन खोल्या मागितल्या, तर हे उत्तर?"

पोस्टमास्तरांनी चष्मा लावला. कागद दोनदा वाचला. चेहरा उजळत गेला.

"हे तुमच्या इनबॉक्सात आलं? स्पॅममध्ये नाही?"

"इनबॉक्सात!"

"अगं, ऐकलंस का," ते आत वळून ओरडले, "पोचलं आपलं पत्र!"