सतरा नंबरने पोळी सोडली

कळलं का तुला? सतरा नंबर घरातल्या बाईने पुरणपोळी नाकारली. अगं परवा, होळीला! पानात पोळी वाढलेली, वर तुपाची धार सोडलेली, आणि बाई म्हणतात, "मी ग्लुटेन सोडलंय." बरं, सोडलंय तर सोडलंय, माझं काय जातं? पण पाचच मिनिटांत कटाच्या आमटीबरोबर कुरडया कुडुमकुडुम चालू. कुरडई कशाची असते गं? गव्हाच्या चिकाची! मी काही बोलले नाही. यजमानीणबाईंनी मात्र माझ्याकडे असं बघितलं ना, विचारू नकोस.

हसू नकोस. पोळीचा राग नाही आला मला. राग आला माझ्या जावेच्या मुलीमुळे. ती गं, उट्रेक्टला शिकते ती. तिला खरंखुरं आहे, सीलिअॅक. पोटाची म्हणून एक तक्रार नव्हती पोरीची. नुसती दमायची आणि रक्तातलं लोह काही केल्या वर येईना. गोळ्या झाल्या, खजूर झाले, बीट झालं, लोखंडी कढईसुद्धा आणली जावेने पुण्याहून. शेवटी एका डॉक्टरीणबाईंना सुचलं. रक्ताची तपासणी केली, मग दुर्बीण घालून आतड्याचा तुकडा काढला. आपल्या लहान आतड्याला आतून मखमलीसारखे बारीक अंकुर असतात म्हणे, अन्न शोषून घेणारे. ते हिचे पार झिजून सपाट झालेले. गव्हातलं ते ग्लुटेन पोटात गेलं की शरीर स्वतःच्याच आतड्यावर हल्ला करतं. मग लोह शोषणार कोण, कपाळ? अशी माणसं वर्षानुवर्षं तशीच राहिली तर हाडंही ठिसूळ होतात.

आता त्या मुलीला चिमूटभर गहूसुद्धा चालत नाही. दुसऱ्याच्या तव्यावरची भाकरी चालत नाही, आधी त्यावर पोळ्या झाल्या असतील तर. आणि समारंभात लोक काय म्हणतात तिला? "थोडीशी खा गं, प्रसाद आहे, काही होत नाही." म्हणणारच! त्यांनी सतरा नंबरला कुरडई खाताना बघितलेलं असतं. एकीच्या हौसेपायी दुसरीचं दुखणं खोटं ठरतं, ते मला खुपतं.

माझ्याकडे आली होती ना ती, तर साध्या वरणाला हात लावेना. मला म्हणाली, "काकू, आधी हिंगाची डबी दाखवा." आता वरणात कुठला आलाय गहू? डबी उलटी करून वाचली, तर ठळक अक्षरात 'तार्व', म्हणजे गहू! बांधानी हिंगात पीठ मिसळतात गं, गव्हाचं किंवा तांदळाचं. इकडे पाकिटावर असे त्रासदायक पदार्थ उठून दिसतील असे छापावेच लागतात, म्हणून कळलं तरी. मग मेतकुटात गहू निघाला, थालीपिठाच्या भाजणीत निघाला. आणि तुझ्या सासूबाईंना सांग, खपली गहूसुद्धा गहूच. इकडचा तो महागडा स्पेल्ट तोही गहूच. मधुमेहाला खपली बरा की वाईट ते निराळं, पण ग्लुटेन आहे म्हणजे आहे. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, वरी, यांत मुळात नसतं. तेही गव्हाच्या गिरणीतून दळून आणलं की संपलं.

बरं, गंमत सांगू? गव्हामुळे हे दुखणं होतं ते सापडलं कुठे? दिल्लीत नाही, अमेरिकेत नाही, आपल्या या हेगमध्ये! युलिआना बालरुग्णालय आहे ना, तिथे विलेम-कारेल डिके नावाचे डॉक्टर होते. १९३६ साली, वयाच्या तिशीतच तिथले प्रमुख झाले. त्या काळी अशी मुलं यायची, हातपाय काडीसारखे, पोट नगाऱ्याएवढं, सतत जुलाब. कितीतरी दगावायची. कुणी केळ्यांवर ठेवायचं, कुणी आणखी कशावर. लंडनमध्ये सॅम्युएल गी म्हणून होते, त्यांनी १८८८ मध्ये या रोगाचं वर्णन लिहिलं. त्यांनी एका मुलाला रोज भांडंभर उत्तम डच शिंपल्या खाऊ घातल्या! पोरगं बाळसं धरायला लागलं. शिंपल्यांचा हंगाम संपला तशी तब्येत परत घसरली. आणि पुढच्या हंगामात पोरगं शिंपल्यांना तोंड लावेना. मालवणचं असतं तर लावलं असतं.

तर डिके. त्यांना म्हणे एका आईने सांगितलं की पाव बंद केला की माझं मूल बरं असतं. दुसरा एखादा म्हणाला असता, "बाई, तुम्ही डॉक्टर की मी?" या माणसाने ऐकून घेतलं आणि मुलांवर लक्ष ठेवलं. १९४१ मध्ये याबद्दल डच वैद्यकीय नियतकालिकात छापूनही आणलं. मग आला तो भुकेचा हिवाळा. अगं, समोरच्या आजीबाई पावाचा तुकडाही टाकत नाहीत बघ, त्या त्याच काळातल्या. १९४४ च्या सप्टेंबरात इथल्या रेल्वे कामगारांनी संप केला, जर्मनांनी अन्नाची वाहतूक अडवली, आणि या भागातली माणसं ट्यूलिपचे कंद आणि साखरेचं बीट उकडून खायला लागली. वीस हजारांच्या आसपास माणसं गेली म्हणतात. पाव तर औषधालाही मिळेना. आणि डिकेंची ती काडीसारखी मुलं? ती मात्र बरी!

पुढे विमानांतून अन्न टाकलं, पाव परत आला, आणि मुलं पुन्हा आजारी पडली, अशी गोष्ट सगळे सांगतात. चांगली गोष्ट आहे, सांगायला मलाही आवडते. पण तुला म्हणून सांगते, सगळं श्रेय दुष्काळाला देऊ नये. संशय त्यांना आधीपासून होता, १९४१ चा कागद आहे ना. आणि खरं काम तर युद्धानंतरचं, अगदी कंटाळवाणं. त्याच मुलांना काही आठवडे गहू द्यायचा, काही आठवडे बंद करायचा, आणि शौचातून चरबी किती जाते ते मोजत बसायचं. बरोबर फान द कामर म्हणून रसायनवाले आणि वाइयर्स म्हणून दुसरे मुलांचे डॉक्टर होते. गहू आणि राय दिली की चरबी वाहून जायची. तांदूळ, मका, बटाटा दिला की नाही. गव्हातला नुसता स्टार्च नीट धुऊन दिला तरी मुलं ठीक! म्हणजे दोष त्या चिकट प्रथिनाचा, ग्लुटेनचा. १९५० मध्ये उट्रेक्टला प्रबंध दिला डिकेंनी. बिचारे १९६२ मध्ये गेले, अवघ्या सत्तावन्नाव्या वर्षी. हो हो, कळलं मला तू काय म्हणणार ते. स्टार्च चालतो तर कुरडई का नाही? अगं, त्यांचा स्टार्च प्रयोगशाळेत धुतलेला. आपली कुरडई पाटीवर वाळवलेली, त्यात ग्लुटेन राहतंच.

नाही नाही, सतरा नंबर खोटं बोलते असं मी कुठे म्हणाले? पोट फुगत असेल तिचं. पण ते ग्लुटेननेच कशावरून? गव्हात फ्रुक्टान म्हणून एक साखर असते, तीच कांद्या-लसणात. कितीजणांना तीच बाधते. नॉर्वेत तपासलं २०१८ मध्ये, तर स्वतःला ग्लुटेनचा त्रास आहे म्हणणाऱ्यांना फ्रुक्टाननेच जास्त त्रास झाला. ही बाई गहू सोडते आणि कांद्याची भजी बशीभर खाते! आणि मास्ट्रिख्टवाल्यांनी लीड्सच्या लोकांबरोबर आणखी गंमत केली. अशा ८३ लोकांना पाव दिले. काहींच्यात ग्लुटेन, काहींच्यात नाही, आणि सांगितलं मात्र कधी खरं, कधी खोटं. ज्यांना "यात ग्लुटेन आहे" असं सांगितलं आणि होतंही, त्यांना त्रास सगळ्यांत जास्त. नुसतं गुपचूप घातलं, तर एवढं काही नाही. म्हणजे त्रास खरा, पण थोडा पोटातला आणि थोडा डोक्यातला. माझ्या आईला वांग्याने खाज सुटायची, भरीत म्हणून दुधी वाढला तरी सुटायची.

काय? आपल्याकडे पूर्वी कुणाला नव्हतं? अगं, पूर्वी गहू होताच कुठे रोजच्या ताटात? कोकणात भात आणि नाचणी, देशावर ज्वारी-बाजरी. पोळी सणासुदीला नाहीतर पाहुणा आला तर. भारतातलाच अभ्यास आहे, उत्तरेत शंभरात एकाहून थोडे जास्त, दक्षिणेत हजारात एखादा. जनुकं दोन्हीकडे जवळजवळ सारखीच, फरक गव्हाच्या खाण्यात. इकडे येऊन आपण दुपारी बोटरहॅम म्हणजे पावच, संध्याकाळी पोळी, रविवारी पास्ता. माझ्या सासऱ्यांनी बघितलं असतं तर म्हणाले असते, यांच्या घरी रोजच दिवाळी.

आता मुद्द्याचं ऐक. सतरा नंबरने तपासणीच्या आधीच गहू सोडलाय, तिथे घोळ आहे. रक्तातली ती प्रतिद्रव्यं गहू खाल्ला तरच दिसतात. गहू बंद, की काही काळाने तपासणी स्वच्छ येते आणि खरंच काही असलं तरी कळत नाही. आता हाउसआर्ट्सला, म्हणजे आपल्या नेहमीच्या डॉक्टरला, विचारून काही आठवडे परत खावा लागेल, मग रक्त द्यायचं. निदान झालं तर कागद हातात येतो, आहाराच्या खर्चाची आयकरात वजावटसुद्धा मिळते इथे, आणि घरातल्या भावंडांना, मुलांनाही तपासता येतं. आई-बाप, भावंडं, यांच्यात शक्यता इतरांपेक्षा बरीच जास्त असते. आणि नाही निघालं, तर उगाच तो भुश्शासारखा महागडा पाव कशाला खायचा? त्यात चोथा कमी, मीठ-साखर मात्र असते.

पण हे तिला सांगायचं कुणी? मी नाही बाई. तू सांग, तुझं ऐकते ती. सहज बोलता बोलता, जावेच्या मुलीचं म्हणून सांग, काय? आणि माझं नाव अजिबात घेऊ नकोस हं. वरच्या मजल्याच्या खिडक्या पुसायला तिचीच शिडी लागते मला.