प्रकार निवडा!

नारायणगाव-मंचर पट्ट्यातल्या ग्रामपंचायतींत एक भाऊ हमखास भेटतो. हुद्दा केंद्रचालक, जागा संगणकाआड. तुम्ही "राम राम" म्हणा, तो विचारणार, "प्रकार?" जन्माचा दाखला, विवाह नोंद, नमुना आठचा उतारा की तक्रार, हे ठरल्याशिवाय त्याची मान वर होत नाही.

भाऊचा खरा जीव तक्रारीच्या अर्जात. पूर्वी सगळ्यांना एकच अर्ज. नळाला पाणी नाही म्हणणाऱ्यालाही गट नंबर लिहावा लागे. भाऊ व्हिडिओ बघून जावास्क्रिप्ट शिकला आणि अर्जाला अक्कल आली. 'पाणी' निवडलं की नळजोडणीची चौकट उघडते, 'दिवाबत्ती' म्हटलं की खांबाच्या नंबराची, बाकीच्या गुडूप. उपवासवाल्याच्या ताटात आमटी वाढू नये, एवढंच त्याचं तत्त्वज्ञान.

गावानं वाखाणलं आणि भाऊ चेकाळला. 'खड्डा' निवडलं की लांबी, रुंदी, खोली. पाणी साचतं का. साचत असेल तर बेडूक आहेत का.

मग आला बिबट्या. जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर या चार तालुक्यांच्या जुन्नर वन विभागात तो उसातच नांदतो, माद्या तिथंच वितात. तक्रार वनखात्याच्या १९२६ या नंबरावर करता येते, पण लोकांचा पहिला हेलपाटा ग्रामपंचायतीत. भाऊनं रातोरात 'बिबट्या' हा प्रकार जोडला. कष्ट वाचवायला 'तंटा' या जुन्या प्रकाराची नक्कल मारली. तंटामुक्त गाव मोहीम २००७ सालची, त्यामुळं त्या चौकटी तयारच होत्या.

सकाळी एक बाबा आले. शेळी गेलेली. वनरक्षकाचा पंचनामा झाल्याशिवाय भरपाई नाही, म्हणून घाईत. सगळं भरलं, तरी अर्ज पुढं सरकेना. लाल अक्षरं उमटली: 'विरुद्ध पक्षाचा मोबाइल नंबर अनिवार्य.'

"सांगा ना बाबा नंबर," भाऊ सवयीनं म्हणाला.

"इचारला असता रं. पण त्याच्या तोंडात शेळी व्हती."

भाऊनं तिथल्या तिथं १९२६ फिरवला आणि ती चौकट लपवली. वर बेडकांनाही रजा दिली. काय विचारायचं हे कुणीही शिकतो. काय विचारू नये, ते भाऊला बाबांनी शिकवलं.

तुम्हालाही असा भाऊ भेटेल. जाताना प्रकार ठरवून जा. 'इतर' मात्र चुकूनही निवडू नका. लपवलेल्या सगळ्या चौकटी त्यानं तिथंच ठेवल्यात.