हँडब्रेक ओढलेलाच आहे!

मुळशीत गुंठा विकला की आधी गाडी येते, आणि गाडीमागोमाग स्क्रीन. सातबाऱ्यावर नाव चढवायला तलाठ्याकडे हेलपाटे मारावे लागतात. स्क्रीन दोन तासांत चढते.

पावसाळ्यात एखाद्या रविवारी रिहे खोऱ्याच्या रस्त्याला उभे राहा. दोन्ही बाजूंना भातखाचरं, समोर ढगात गेलेले डोंगर. गाडीतली मंडळी मात्र 10 इंची काचेत बघतायत. काय? त्याच रस्त्याचा नकाशा. खोऱ्यात रेंज गेली की नकाशाही गोल गोल फिरत बसतो. मग काच खाली होते.

"मामा, रिहे कुठं आलं?"

"हे काय, उभे आहात तेच."

कंपनीच्या टेपचं काय वाईट होतं? गाणी वाजत होती, बटण न बघता सापडत होतं. तेच त्याचं चुकलं.

कंपन्याही काही साधू नाहीत. एका स्क्रीनसाठी अख्खं टॉप मॉडेल गळ्यात मारतात. म्हणून गडी बेस मॉडेल घेतो आणि नाना पेठ गाठतो. हिशेब चोख आहे. पुढचा घोळ वायरिंगवाल्याच्या स्टुलावर सुरू होतो.

"कपलर टू कपलर, शेठ. एक वायर कापणार नाही." वाक्य संपेपर्यंत कटर हातात आलेला असतो. वॉरंटी? ती त्या कटरखालून गेली.

शास्त्र तसं सोपं आहे. पिवळी वायर थेट बॅटरीची, लाल चावीची, काळी अर्थची. पिवळीमुळे स्क्रीनची स्मरणशक्ती टिकते, लालमुळे तिला जाग येते. घाईत दोन्ही पिवळीवर पिळल्या, की गाडी बंद करून मालक झोपला तरी स्क्रीन जागी. सकाळी बॅटरी उतरलेली आणि धक्का मारायला सगळी भावकी. दोन्ही लालवर पिळल्या, तर दर वेळी चावी फिरवली की स्क्रीनचा पुनर्जन्म. घड्याळ चुकलेलं, रेडिओची स्टेशनं गायब.

फ्यूज उडतोय? "डायरेक्ट मारतो, शेठ." फ्यूज जळतो म्हणून गाडी जळत नाही, एवढं बिलावर लिहायला जागा नसते.

पण खरी करामत वेगळीच आहे. स्क्रीनच्या गुच्छात एक बारीक वायर असते, ती हँडब्रेकच्या स्विचला जोडायची. हँडब्रेक ओढला तरच समोर सिनेमा दिसावा, गाडी सुटली की बंद व्हावा, यासाठी. आपला वायरमन ती वायर पत्र्याला अर्थ करून मोकळा होतो. आता स्क्रीनच्या लेखी हँडब्रेक कायम ओढलेला. गाडी 80 ने धावतेय, चालक बैलगाड्याची बारी बघतोय आणि स्क्रीनला वाटतंय, गाडी उभी आहे.

यंत्राला इतक्या स्वस्तात कोणी उल्लू बनवलं असेल?

हो, बनवलंय. सीट बेल्टचा भोंगा बंद करणारी ती चपटी क्लिप आठवा. मे 2023 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑनलाइन दुकानांना ती हटवायला लावली. हटवलेल्या जाहिराती 13,118. पट्टा लावायला दोन सेकंद लागतात, पण आपण क्लिप मागवून कुरिअरची वाट बघतो!

कायदाही बघा. 2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम 184 मध्ये, गाडी चालवताना मोबाइल हातात धरला तर पहिल्याच खेपेला 1 ते 5 हजारांचा दंड किंवा तुरुंग, नाहीतर दोन्ही. म्हणजे 6 इंची हातात धरला तर गुन्हा. 10 इंची डॅशबोर्डला ठोकला तर ॲक्सेसरी.

इथून हिंजवडी जवळच. तिथे केपीआयटीसारख्या कंपन्यांतले इंजिनिअर जगभरच्या गाड्यांसाठी सॉफ्टवेअर लिहितात. ते बिचारे तपासण्या करतात. आमच्या वायरमनकडे तपासणीचं एकच यंत्र आहे: "लागली ना? मग झालं."

आणि युरोप कुठे निघालाय? मागे. गाड्यांच्या सुरक्षिततेला गुण देणाऱ्या युरो एनकॅपने 2026 पासून इंडिकेटर, हॉर्न, वायपर अशा कामांना खरीखुरी बटणं नसतील तर गुण कापायचं ठरवलं. चाकणला कारखाना असलेल्या फोक्सवॅगननेही बटणं परत आणायचं कबूल केलं. त्यांना बटणांची किंमत कळली तेव्हा आपण ती उचकटून पोटमाळ्यावर टाकत होतो.

टाकली, पण फेकली नाहीत. कारण चार वर्षांनी गाडी विकायची असते. तेव्हा शेठ स्क्रीन काढून नव्या गाडीत नेतात आणि जुना टेप धूळ झटकून जागेवर ढकलतात. गिऱ्हाईक विचारतं, "वायरिंग ओरिजिनल आहे ना?"

"एकदम कंपनी. हात नाही लावला कुणी."