तीन गाड्या, दोन पाय

पहिली मोटरसायकल माणूस गरजेपोटी घेतो. दुसरी हौसेपोटी घेतो. तिसरी घेतली असं मात्र कुणीच कबूल करत नाही, ती ‘येते’. कुणाचे मामा गाव सोडून मुलाकडे राहायला जातात आणि त्यांची गाडी अंगणात पावसात भिजत पडते. कुणी मित्र परदेशी निघतो आणि ‘भंगारात घालण्यापेक्षा तू ने’ म्हणतो. आमच्याकडेही तिसरी अशीच आली. सध्या इमारतीखाली एक स्प्लेंडर, एक जुनी बुलेट आणि एक येझ्दी उभी असते. ‘एका वेळी किती चालवता?’ हा प्रश्न घरच्यांचा विचारून झाला, शेजाऱ्यांचा विचारून झाला, आता पाहुणे विचारतात.

आमच्या वडिलांच्या पिढीला हा प्रश्न कुणी विचारला नाही. चेतक 1972 साली आली. आकुर्डीला तयार होणारी ही स्कूटर, पण जवळच्या पुण्यातल्या माणसालाही नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघावी लागे. गाडी दारात आली की पेढे वाटले जात. मग पुढे उभा थोरला, मधे वडील, मागे एका बाजूला पाय सोडून बसलेली आई आणि तिच्या मांडीवर धाकटी, असं अख्खं कुटुंब तिच्यावरून लग्नाला जाई. सकाळी सुरू झाली नाही तर वडील तिला एका अंगावर तिरकी करत, पुन्हा सरळ करत आणि किक मारत. एका घराला एक गाडी, आणि ती मोडेपर्यंत तीच. दुसरी हवी कशाला, असं वाटायला मुळात पहिली वेळेवर मिळावी लागते.

आता कागदपत्रं असली तर तासाभरात हप्ते बांधून मिळतात. तरीही दुसरी गाडी घेणारा पुष्कळदा नवी घेत नाही. कॉलेजात असताना जी परवडली नव्हती, ती तो घेतो. यामाहा आरएक्स 100 आपल्याकडे 1985 साली आली आणि 1996 साली बंद झाली. इंजिन 98 सीसीचं, ताकद 11 हॉर्सपॉवर. आजच्या हिशेबाने यात काही विशेष नाही. पण त्या वेळी कॉलेजच्या फाटकाशी उभं राहून जे नुसता तिचा आवाज ऐकत होते, त्यांच्या हातात आता पैसा आला आहे. म्हणून चांगल्या स्थितीतल्या जुन्या आरएक्सची किंमत ऐकली की विकणाऱ्याने चुकून एक शून्य जास्त सांगितलं असं वाटतं. त्याने चुकून सांगितलेलं नसतं. अठराव्या वर्षीची इच्छा अशी पंचेचाळिशीत पुरी होते. गाडी तेव्हाचीच असते, किक मारायला लागणारा गुडघा तेवढा तेव्हाचा राहिलेला नसतो.

अनेक गाड्या बाळगण्यातली पहिली अडचण पैशांची नाही, पायांची आहे. जुन्या बुलेटचा गिअर उजव्या पायाशी आणि ब्रेक डाव्या. बाकी रस्त्यावर सगळ्यांचं बरोबर उलटं. त्यातही बुलेटचा पहिला गिअर वर उचलायचा आणि पुढचे तीन खाली दाबायचे, तर स्प्लेंडरचे चारही दाबायचे. डोक्याला हे सगळं पाठ असतं, पण आयत्या वेळी पाय डोक्याला विचारत नाहीत. समोर रिक्षा एकदम थांबली की पाय काल चालवलेल्या गाडीचं उत्तर देतो, आणि ब्रेक लागायच्या ऐवजी गिअर पडतो. नशीब एवढंच की पुढचा ब्रेक तिन्हींना उजव्या हाताशीच आहे. यावर उपाय एकच, निघण्याआधी स्वतःला बजावायचं : आज बुलेट. दुधाच्या पिशव्या आणायला निघालेला प्रौढ माणूस हँडल धरून ‘आज बुलेट, आज बुलेट’ असं पुटपुटतो तेव्हा वॉचमन दुसरीकडे बघतो.

गाडी सुरू करण्याच्याही तीन रीती. स्प्लेंडर ज्या घराण्यातली, त्यातल्या सीडी 100 ची जाहिरातच अशी होती की पेट्रोल भरा, झाकण लावा आणि विसरून जा. ती खरोखर विसरून जाता येते. म्हणूनच तिच्याबद्दल कुणी गप्पा मारत नाही. बुलेटला मात्र आधी विचारावं लागतं. पेट्रोलचा कॉक उघडायचा, थंडी असेल तर चोक ओढायचा, किक हळूहळू दाबत ॲमीटरचा काटा मधे येऊ द्यायचा, मग डीकॉम्प्रेशनचा लिव्हर दाबून पिस्टन जरासा पुढे सरकवायचा, किक पुन्हा वर येऊ द्यायची आणि मग अंगातलं सगळं वजन एकदाच खाली सोडायचं. क्रम बरोबर असेल तर पहिल्या किकला ‘धक’ होतं. क्रम चुकला तर किक उलटी येते आणि नडगीला दिवसभर गाडीची आठवण राहते. आतलं इंजिन 346 सीसीचं, सिलिंडर रुंद कमी आणि उंच जास्त : बोअर 70 मिलिमीटर, स्ट्रोक 90. तिचा तो सावकाश आवाज या लांब स्ट्रोकमधून येतो. घाई तिच्या रचनेतच नाही.

येझ्दीची तऱ्हा याहून निराळी. तिच्यात किक आणि गिअर यांना मिळून एकच दांडा आहे. तो आत दाबून मागे वळवला की किक होते, पुढे आणला की गिअर. मैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात 1961 पासून आधी जावा आणि पुढे येझ्दी तयार झाली. 1996 साली कारखाना बंद पडला. मूळ रचना चेकोस्लोवाकियातली, आणि त्या लोकांनी एवढं डोकं एका दांड्यात कोंबलं की नवख्या माणसाला ते उमगतच नाही. कुणी ‘जरा चक्कर मारून येतो’ म्हणाला तर येझ्दीची किल्ली निर्धास्त द्यावी. तो पाच मिनिटं किक शोधतो आणि किल्ली परत आणून देतो. पेट्रोलमध्ये टूटी ऑइल मापून घालावं लागतं. पंपावरच्या तरुण पोरांना ते माप आता ठाऊक नसतं, म्हणून तेलाची बाटली डिक्कीत आपली आपण बाळगायची.

आता खरी गोष्ट. गाडी चालवून झिजते हे सगळ्यांना माहीत असतं. उभी राहून ती त्याहून जास्त बिघडते, हे दुसरी घेतल्यावर कळतं. बॅटरी वापरली नाही तरी आपोआप उतरते. टायरमधली हवा कमी होते आणि गाडी एकाच जागी टेकलेली राहिली की तिथे टायर चपटा पडतो. कार्बोरेटरमधलं पेट्रोल उडून जातं आणि मागे चिकट थर राहतो. तो जेटच्या केसाएवढ्या भोकात बसला की गाडी मिसिंग मारायला लागते. त्यात आता पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल असतं. इथेनॉल हवेतली ओल शोषतं, टाकी अर्धी रिकामी असली तर आतून गंज धरतो आणि जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्या, वायसर नरम पडतात. पावसाळ्याआधी उभी करायची गाडी टाकी भरून उभी करावी, असं जुने फिटर सांगतात ते यामुळेच. याखेरीज उंदीर वायरिंग कुरतडतात आणि मांजर गादीवर नखं घासतं. उंदरासाठी मांजर असतं ही समजूत निदान आमच्या पार्किंगपुरती खोटी आहे. दोघांनी कामं वाटून घेतली आहेत.

आमचा फिटर थोडक्यात बोलणारा. बंद पडलेली गाडी ढकलत नेली की तो प्लग काढतो, बघतो, पुसतो, पुन्हा लावतो आणि म्हणतो, “काका, हिला काही झालेलं नाही. चालवत जा की.” या सल्ल्याचे तो पैसे घेत नाही, कार्बोरेटर साफ केल्याचे घेतो.

म्हणून रविवारची सकाळ. तीन गाड्यांचा मालक त्या दिवशी तीन घरची सत्यनारायणाची पूजा एकाच सकाळी घेतलेल्या गुरुजींसारखा वागतो : पहिलीकडे मंत्र सुरू असतो, पण चित्त तिसरीकडे. एकीच्या चेनला ऑइल सोडायचं, दुसरीच्या क्लच वायरला, तेवढ्यात तिसरी सुरू होऊन गरम होत असते. दहा नंबरचा पाना हातात हवा असतो तेव्हा बारा नंबरचा सापडतो. सुटा भाग लागला तर पुण्यातली नाना पेठ. तिथल्या स्पेअर पार्टच्या दुकानात तुटका तुकडा काउंटरवर ठेवला की काउंटरपलीकडचा माणूस तो न उचलता गाडीचं वर्षच सांगतो. तिथेही मिळालं नाही तर बुधवारी किंवा रविवारी जुन्या बाजारात जायचं. तिथे आपल्या गाडीचा दिवा मिळतो, टाकीचं झाकण मिळतं, आणि चौथी गाडी जोडता येईल इतकं सामानही दिसतं. त्या बाजूला बघायचं नाही.

कागदपत्रांचं दप्तर वेगळंच. विमा प्रत्येक गाडीचा निराळा, आणि गाडी रोज चालो न चालो, रस्त्यावर आणायची तर थर्ड पार्टी विमा कायद्याने हवाच. जुन्या गाड्यांची पीयूसी सहा महिन्यांची. बीएस 4 आणि त्यापुढच्यांची वर्षाची. नोंदणी 15 वर्षांची, मग पासिंग करून पाच-पाच वर्षं वाढवायची आणि पर्यावरण कर भरायचा. 1 एप्रिल 2019 च्या आधीच्या सगळ्या गाड्यांना नवी सुरक्षा पाटी लावणं आलं, तेव्हा तर हा सगळा हिशेब एकदमच मांडावा लागला. आमच्या स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावर दुधाचे खाडे लिहितात त्याच चौकटींत ‘बु. ऑइल’, ‘ये. पीयूसी’, ‘स्प्लें. विमा’ अशा नोंदी असतात. एकदा हिने विचारलं, “अहो, हे ‘बु.’ म्हणजे बुधवार का?” तो बुधवारच होता. वाद तिथेच मिटला.

सोसायटीत मात्र तो मिटत नाही. सदनिकेला दुचाकीची एक जागा असा ठराव असतो, आणि ठराव करणाऱ्यांपैकी निम्म्यांकडे दोन असतात. वार्षिक सभेत कव्हर घातलेल्या गाड्यांचा विषय निघाला की सगळे खाली बघतात. ‘रोज चालवत नाही तर ठेवता कशाला?’ या सेक्रेटरींच्या प्रश्नाला कुणाकडेच सरळ उत्तर नसतं. पण हीच येझ्दी घेऊन सिग्नलला थांबलं की शेजारच्या गाडीतला पांढऱ्या मिशांचा माणूस काच खाली करतो. “आमच्या तीर्थरूपांकडे होती. विकायची का?” सिग्नल हिरवा होतो तरी तो जात नाही, मागचे हॉर्न वाजवतात. ॲव्हरेज किती देते, हा पुण्यातला पहिला प्रश्न, तो मात्र या गाडीबद्दल कुणी विचारत नाही. उत्तर ऐकायची त्यांचीही तयारी नसते.

दसऱ्याला तिन्ही गाड्या धुऊन पुसून ओळीने उभ्या करतो. त्या दिवशी झेंडूचा भाव काय असतो ते तीन हार घेणाऱ्याला विचारावं. यातही एक गंमत दिसते. रोज ऑफिसला नेणारी गाडी छोट्या हारावर भागते, आणि सर्वांत मोठा हार, हळदकुंकू, आपट्याचं पान हे सगळं वर्षभर जिने आपल्याला कुठेच नेलं नाही तिच्या वाट्याला जातं. माणसांच्या घरातही मान असाच वाटला जातो, त्यामुळे स्प्लेंडर कधी कुरकुर करत नाही.

मग एवढं करून मिळतं काय? हिशेबाने काही नाही. तीन विमे, तीन ऑइल, तीन पीयूसी, आणि बसायचं एकावरच. पण हात काळे करून, कान लावून, एखादी बंद यंत्रणा पुन्हा चालू करण्याचं सुख आजकाल फार थोड्या ठिकाणी उरलं आहे. मोबाइल बिघडला तर आपण नवा घेतो, त्याच्या आत बघत नाही. कार्बोरेटर उघडून बघता येतो. त्यातला दोष डोळ्याला दिसतो आणि पेट्रोलने धुतला की जातो. आठवड्याच्या बाकीच्या सहा दिवसांतला एकही दोष इतक्या सरळपणे जात नाही. हे सुख हवं असेल तर मोजावं लागतं ते वेळेच्या रूपात. ज्याच्याकडे पैसे आहेत पण रविवार नाही, त्याने दुसरी गाडी घेऊ नये, आणि घेतली असेल तर ठेवू नये.

तेव्हा तुमच्याही इमारतीखाली कव्हराखाली एखादी गाडी असेल तर येत्या रविवारी बाहेर काढा. आधी हवा भरा, ब्रेक बघा, विमा आणि पीयूसीची तारीख बघा. सुरू झाली तर स्टँडवर दोन मिनिटं घुरघुरवून बंद करू नका. तेवढ्याने बॅटरी भरत नाही आणि सायलेन्सरमध्ये पाणी तेवढं साठतं. चांगली पंधरा-वीस किलोमीटर फिरवून आणा. आणि तेवढाही वेळ निघत नसेल तर ती चालवणाऱ्या माणसाला देऊन टाका. चार पैसे कमी आले तरी चालतील, पण आरसी त्याच्या नावावर करूनच द्या.