नाक तेवढं निराळं

रोल्स-रॉइस ओळखणं हा बघण्याचा नसून वाकण्याचा छंद आहे. उभ्या उभ्या जे कळतं ते कोणालाही कळतं. १९३१ साली रोल्सने बेंटली विकत घेतली. पुढे कित्येक वर्षं दोन्ही गाड्यांचं अंग जवळजवळ एकच राहिलं, नाक तेवढं निराळं. ग्रीक देवळाच्या दर्शनी भागासारखा ताठ रेडिएटर आणि वर पंखवाली बाई, म्हणजे रोल्स. रेडिएटर गोलावलेला असेल तर बेंटली.

खरी परीक्षा पुढे आहे. १९५५ची सिल्व्हर क्लाउड १९५९मध्ये 'टू' झाली. बदललं काय? सहा सिलिंडरांच्या जागी व्ही-एट इंजिन आलं. बाहेरून जवळपास काही नाही! 'थ्री'च्या वेळी कंपनीला दया आली आणि हेडलाइटच्या जोड्या बसल्या. १९६५च्या सिल्व्हर शॅडोने वेगळी चॅसी सोडली, गोलाईही सोडली. १९७७च्या शॅडो टूची खूण बंपरवर : काळं जाड रबर, आणि खाली हवा अडवणारी पट्टी.

हे सगळं मी लेस्टरच्या पुतण्याला इतक्यांदा सांगितलं की एका शनिवारी त्याने मला एका हॉटेलच्या दारात उतरवलं, "काका, इथे लग्नाच्या गाड्या येतात" म्हणाला आणि भरधाव निघून गेला.

दारात एक पांढरी उभी होती, बॉनेटवर रिबीन. मी बंपरपाशी उकिडवा बसलो, रबर चाचपलं, मान तिरपी करून खालची पट्टी पाहिली. "शॅडो टू!" म्हणत उठतोय, तोच टोपीवाल्या ड्रायव्हरने अदबीने मागचं दार उघडलं. त्याने हिंदू लग्नं भरपूर पाहिली असावीत. माझं उकिडवं बसणं त्याने पूजेत धरलं.

आत अक्रोडाचं लाकूड होतं, कातड्याचा वास होता. बसलो. १९५८ साली डेव्हिड ओगिल्वीने जाहिरातीत दावा केला होता, की ताशी साठ मैलांवरही या कंपनीच्या गाडीत सगळ्यात मोठा आवाज घड्याळाचा येतो. मी डोळे मिटून घड्याळाचा कानोसा घेऊ लागलो. काही ऐकू येईना. डोळे उघडले तर हॉटेल नव्हतं.

गाडी थांबली ती ढोलांच्या गजरात. "मामा आव्या!" कोणीतरी ओरडलं. टक्कल, चष्मा, बंद गळ्याचा कोट, पोट : नवरीच्या मुंबईकर मामांचं वर्णन मला तंतोतंत लागू होतं. गळ्यात हार पडला. एका आजींनी गालावरून हात फिरवून गुजरातीत विचारपूस केली. मी मराठीत हसलो. मग प्रश्न आला, "मामेरुं क्यां छे?" भाचीच्या लग्नात मामाने आणायचा तो आहेर. माझ्या खिशात होती बंपर मोजायची टेप.

पळ काढावा म्हणून वळलो, तर नवरीचे वडील गाडीकडे बोट दाखवून व्याह्यांना सांगत होते, "सिल्व्हर क्लाउड! साठ सालची!"

अशा वेळी गप्प बसणाऱ्या माणसाचं भलं होतं. मी म्हणालो, "साहेब, ही शॅडो. तीही टू. सत्त्याहत्तरच्या आधीची असूच शकत नाही." आणि पुराव्यादाखल पुन्हा उकिडवा बसलो.

वडिलांनी पावती काढली. भाडं क्लाउडचंच लावलेलं होतं. ते ड्रायव्हरकडे धावले, व्याही त्यांच्यामागे धावले आणि त्या गर्दीतून वाट काढत, टॅक्सीतून उतरलेले खरे मामा आले. टक्कल, चष्मा, पोट, हातात आहेराचं ताट. आम्हाला शेजारी शेजारी उभं केल्यावर आजींनी आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे आणि मग माझ्या गळ्यातल्या हाराकडे. हार मी स्वतःहून उतरवला.

आता धिंड निघणार असं वाटलं. पण भाड्यातला फरक परत मागता येणार म्हटल्यावर वडिलांनी मला जेवायला थांबवून घेतलं, तेही मामांच्या शेजारी. श्रीखंड वाढून घेताना मामांनी विचारलं, "एवढं कळतं तर सांगा, मी आलो ती टॅक्सी कुठली होती?"

ती मोटार होती, इतकं मी खात्रीने सांगू शकलो.