साबणाला घाम फुटतो तेव्हा

नेरळात पावसाने जोर धरला की साबणाला घाम फुटतो. बाजारातली वडी कोरडी ठणठणीत असते. घाम फुटतो तो घरी हौसेने केलेल्या वडीला. सकाळी कपाट उघडावं, तर कडुनिंबाच्या वडीवर टपोरे थेंब. शेजारच्या वहिनींकडे हे पहिल्यांदा दिसलं तेव्हा आळीत निदानांना तोटा राहिला नाही. कुणी म्हणालं कॉस्टिक कमी पडलं, कुणी म्हणालं तेलात भेसळ आहे. एका आजींनी तर साबणाची दृष्ट काढायला सांगितली. मीठमोहऱ्यांचा खर्च फारसा नसल्यामुळे तेही झालं. थेंब होते तिथेच राहिले.

गुन्हेगार निघाला ग्लिसरीन. तेलावर कॉस्टिक सोड्याची क्रिया झाली की साबणाच्या जोडीने ग्लिसरीन तयार होतं. मोठे कारखाने बहुधा ते काढून वेगळं विकतात. घरच्या वडीत ते आत राहतं, म्हणूनच ती हाताला मऊ लागते. पण हवेतलं पाणी ओढून घेणं हा ग्लिसरीनचा धर्म आहे, आणि माथेरानच्या पायथ्याशी जुलै महिन्यात हवेत पाण्याखेरीज असतं तरी काय? तयार बेस वितळवून साच्यात ओतलेल्या वडीत ग्लिसरीन वरून घातलेलं असतं, त्यामुळे तिची तहान आणखी मोठी. वडी पूर्ण सुकवायची, कागदात घट्ट गुंडाळायची आणि झाकणाच्या डब्यात ठेवायची, एवढाच इलाज. दृष्ट काढायची झालीच, तर ती नेरळच्या हवेची काढावी लागेल.

वहिनी घरी साबण आणि क्रीम करतात. त्या उद्योगातलं मला फारसं कळत नाही. मला गोडी आहे ती त्यातल्या बिघाडांची. नीट जमलेल्या वडीबद्दल बोलण्यासारखं काही नसतं. वास घ्यायचा आणि ‘छान’ म्हणायचं. बिघडलेली वडी मात्र संध्याकाळभर पुरते.

हळदीच्या साबणाचंच घ्या. पिवळीधमक वडी व्हावी म्हणून वहिनींनी चांगली दळून आणलेली हळद घातली. मिश्रण बघता बघता लालसर, विटकरी झालं. हळदवाल्याचा उद्धार करून झाल्यावर लक्षात आलं, की यात त्या बिचाऱ्याचा काहीच हात नाही. हळदीचा रंग क्षारात लाल होतो आणि साबण हा क्षारधर्मीच असतो. कुंकवाचा जन्म याच गुणातून झाला. हळदीला लिंबाचा रस आणि टाकणखार लावून कुंकू करायची रीत जुनी आहे. चुना लावला तरी हळद लाल होते. जी किमया देव्हाऱ्यापुढे शुभ, तीच साबणाच्या साच्यात बिघाड! रसायनाने आपलं काम चोख केलेलं असतं. आपण त्याच्याकडून भलतीच अपेक्षा ठेवलेली असते.

क्रीमचं प्रकरण याहून नाजूक. ते फाटतं. रात्री मलईसारखं दिसणारं क्रीम सकाळी बघावं तर वर तेल आणि खाली पाणी, बांधावरून भांडलेल्या भावकीसारखे दोघे तोंड फिरवून बसलेले. अशा वेळी दोन्ही घरांत सोयरीक असलेला एखादा माणूस मध्ये घालावा लागतो. इमल्सिफायर तो हाच. त्याच्या रेणूचं एक टोक तेलात रमतं, दुसरं पाण्यात. कोणता रेणू कोणत्या बाजूला किती झुकतो याचं मोजमाप विल्यम ग्रिफिन या रसायनतज्ज्ञाने 1949 साली मांडलं, आणि तेव्हापासून या मध्यस्थीला निदान आकड्यांचा आधार मिळाला.

घरगुती क्रीममध्ये हा मध्यस्थ बहुतेक वेळा एक तर कमी पडतो, नाही तर भलताच निवडला जातो. मधमेण घातलं की झालं, अशी पुष्कळांची समजूत असते. मेणाने तेल घट्ट होतं, पाणी बांधलं जात नाही. दुसऱ्या शतकात रोममधल्या गेलेन नावाच्या वैद्याने मेण, सुगंधी तेल आणि पाणी घोटून कोल्ड क्रीम केलं, तेही फार टिकणारं नव्हतं. पुढे कुणीतरी त्यात टाकणखार घातला. मेणातली आम्लं आणि टाकणखार यांचा थोडासा साबण जागच्या जागी तयार झाला आणि मध्यस्थ मिळाला. कुंकवातला टाकणखार असा कोल्ड क्रीमच्याही कामी आला.

तिसरं कारण तापमानाचं. वितळलेलं तेल आणि पाणी, दोन्ही साधारण 70 ते 75 अंशांवर असताना एकत्र यायला हवीत. गरम तेलात माठातलं पाणी ओतलं, तर मेण जागीच थिजतं आणि क्रीममध्ये रवा दिसू लागतो. घोटणंही मनापासून हवं, कारण थेंब वर चढण्याचा वेग त्याच्या त्रिज्येच्या वर्गावर ठरतो. थेंब निम्मा केला, तर तो चौपट सावकाश चढतो. आयुर्वेदातल्या वैद्यांनी हे सूत्र न मांडता वापरलं. शतधौत घृत म्हणजे तूप तांब्याच्या भांड्यात पाण्याने शंभर वेळा धुवायचं. त्याचा रंग पांढरा होतो, वास जातो आणि लोण्याहून मऊ मलम हाती येतं. त्यात इमल्सिफायर म्हणून वेगळं काही घालत नाहीत. घालतात ती चिकाटी, आणि ती बाजारात सुटी मिळत नाही.

टाचांच्या भेगांसाठी कोकणात कोकमतेल पूर्वापार लावतात. थंड झालं की त्याचा दगड होतो आणि 40 अंशांच्या आसपास ते वितळतं. वहिनींनी त्याचं मलम केलं, ते वाळूसारखं रवाळ झालं. झालं होतं असं, की तेल अर्धवट वितळल्यावर वीज गेली. मग ते शेगडीवर रेंगाळत वितळलं आणि रेंगाळतच थिजलं. सावकाश थिजणाऱ्या स्निग्ध पदार्थात स्फटिक मोठे होतात, आणि न वितळता राहिलेला प्रत्येक कण नव्या स्फटिकांना आपलं जुनं वळण लावतो. यावर उपाय म्हणजे सगळं पुन्हा पूर्ण वितळवायचं, एकही कण मागे ठेवायचा नाही, आणि बर्फाच्या पाण्यात भांडं धरून ढवळत झटपट थंड करायचं.

बुरशीच्या बाबतीत मात्र विनोद संपतो. जिथे पाणी तिथे जंतू, आणि नेरळच्या पावसाळ्यात तर चपलांवरही हिरवळ उगवते. परसातल्या कोरफडीचा ताजा गर घातलेलं क्रीम दिसायला सात्त्विक असतं, पण जंतूंच्या दृष्टीने ती मेजवानी असते. त्यात ‘ई’ जीवनसत्त्वाची कॅप्सूल फोडून घातली की क्रीम टिकतं, हा समज फार पसरला आहे. ते जीवनसत्त्व तेल खवट होणं लांबवतं. बुरशीला ते अडवत नाही. तिला अडवायला खरं परिरक्षक लागतं, तेही योग्य पीएचला. सोडियम बेंझोएट आम्लधर्मी क्रीममध्येच नीट काम करतं. पीएच पाचाच्या वर गेला की ते असून नसल्यासारखं. डोळ्यांना बुरशी दिसेपर्यंत जंतू कधीच स्थिरावलेले असतात, म्हणून अशा डबीचा वरचा थर काढून खालचं वापरण्यात काटकसर नाही.

एवढ्या भानगडी निस्तरताना वहिनींनी एक वही सुरू केली आणि एक नियम केला: एका वेळी एकच गोष्ट बदलायची. ऐकायला सोपा, पाळायला महाकठीण. क्रीम फाटलं की मेण वाढवावं, तेल बदलावं, तापमान चढवावं, सगळं एकदम करावंसं वाटतं. त्यातून ते जमलंच, तर कशामुळे जमलं हे कुणालाच कळत नाही, आणि श्रेय पुन्हा दृष्ट काढणाऱ्या आजींकडे जातं.

क्रीम जमलं, तरी ते टिकेल का हे वेगळंच. कंपन्या त्यासाठी खास कपाटं ठेवतात. 40 अंश तापमान आणि 75 टक्के आर्द्रता ठेवून त्यात डब्या महिनोन्‌महिने कोंडतात. काही डब्या आळीपाळीने गरम आणि थंड करतात. नेरळकराला यातलं बरंचसं फुकट मिळतं. एप्रिल-मेमध्ये उकाडा, जूनपासून दमट हवा, आणि गारठा हवा असेल तर डबी खिशात घालून 1907 साली सुरू झालेल्या मिनी ट्रेनमध्ये बसायचं. सुमारे 21 किलोमीटर आणि 800 मीटर उंची गाठून माथेरानला डबी गार करायची, संध्याकाळी खाली आणून पुन्हा तापवायची. फक्त ऐन पावसाळ्यात नेरळहून गाडी बंद असते. तेवढे दिवस प्रयोगशाळेला सुट्टी.

या कपाटांनी काय सिद्ध होतं? क्रीम कधीच फाटणार नाही, असं मुळीच नाही. तेल आणि पाणी आज ना उद्या वेगळी होणारच. निसर्गाचा कौल त्याच बाजूने आहे. कारागिराच्या हाती एवढंच, की हा वियोग डबी संपेपर्यंत लांबवायचा. ‘टिकाऊ’ क्रीम म्हणजे सावकाश बिघडणारं क्रीम. गंमत अशी, की चेहऱ्याचं वय थोपवण्याचं वचन छापलेल्या खोक्यावरच, दुसऱ्या बाजूला बारीक अक्षरांत, वापरण्याची शेवटची तारीखही छापलेली असते. कायद्यालाच ती हवी असते. पहिल्या बाजूपेक्षा मला दुसरी बाजू जास्त विश्वासाची वाटते.

वहिनी अजून विकत नाहीत. सौंदर्यप्रसाधनं विक्रीसाठी करायची तर परवाना लागतो, आणि 2020 च्या नियमावलीतली जागेची आणि स्वच्छतेची यादी त्या सध्या वाचतायत. तोवर डब्या नात्यागोत्यात फिरतात. गेल्या दिवाळीत नणंदबाईंनी डबी हातात घेतली, उघडून हुंगली, आणि आवाज जरा खाली आणून विचारलं, “काय गं, दहा वर्षांनी लहान दिसेन ना मी?”

“वन्सं, तुमच्या वयाचं मला काही सांगता यायचं नाही,” वहिनी म्हणाल्या. “डबीचं मात्र सहा महिने. आणि बोट कोरडं करूनच घालायचं हं.”